चाकाची खूण

मानसिंग डायव्हरला आयुष्यात दोनच गोष्टी धड आल्या, एसटी चालवणं आणि हट्ट करणं, असं त्याची बायको सुलक्षणा म्हणायची. तो हे मनावर घ्यायचा नाही, कारण दोन्हींचा त्याला सारखाच अभिमान होता. सगळी हयात भोर आगारात गेली. दिवसा भोर-वेल्हे गाडी, नाहीतर गुंजवण्याची मुक्कामी गाडी. थांबा सोडून दुसरीकडे गाडी उभी केली असेल तर शपथ. डोक्यावर बाजाराची पाटी घेऊन एखादी बाई धुळीतून पळत हात करतेय, तरी हा आपला समोर बघून पुढे. कंडक्टरच कळवळायचा. "नियम म्हंजी नियम," एवढंच हा बोलायचा. असा माणूस रिटायर होऊन घरी बसल्यावर काय उजेड पाडणार? बसल्या जागी पाण्याचा तांब्या हातात लागायचा त्याला.

तर हा मानसिंग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गोरखच्या बेकरीसमोर बायकांच्या रांगेत उभा होता. कडेवर मूल घ्यावं तसा एक ॲल्युमिनियमचा डबा त्याने छातीशी धरला होता. डब्यात केळ्याच्या केकचं कालवलेलं पीठ होतं आणि त्यावर दालचिनीचा बोटभर जाड भुगा. हे ध्यान तिथपर्यंत कसं पोचलं ते आधी सांगायला हवं.

पाऊस ओसरता ओसरता सुलक्षणा पुण्याला गेली होती. लेकीचं, सोनियाचं दुसरं बाळंतपण होतं. मानसिंग मागे एकटा. वरणभात शिकला, चहा शिकला, चहात साखर आधी की पत्ती आधी यावर फोनवर भांडलाही. एका संध्याकाळी सुलक्षणा फोनवर म्हणाली, "अवो, सोनियाच्या मैत्रिणीनं केळ्याचा पाव आणला हुता. पाव म्हंजी आपला पाव न्हवं, केकच म्हना. वर दालचिनीचा भुगा, ह्यो एवढा जाड. वर खुसखुशीत, खाली मऊ. घरात मानसं लई हुती, मला एकच तुकडा आला. आनखी एक मिळाला असता तर खाल्ला असता."

बोलली आणि बाळाच्या लंगोटांकडे वळली. पण मानसिंगच्या कानात ते शेवटचं वाक्य अडकून बसलं. आणखी? सुलक्षणा कधी आणखी म्हणाल्याचं त्याला आठवेना. हे आवडतं, ते पाहिजे, असलं काही त्या बाईने तोंडातून काढलं नव्हतं. सगळ्यांची ताटं झाली की कढईत राहील ते तिचं. आणि प्रवासातून दमून आली, की उंबऱ्यातच हा म्हणायचा, "आलीस? चहा टाक."

त्यात परसातल्या केळीचा घड एकदम पिकला. आढ्याला टांगलेला घड, बघता बघता सालींवर काळे ठिपके. सुलक्षणाचा रोजचा ताकीदवजा प्रश्न, केळी वाया गेली न्हाईत ना? मानसिंगने मनाशी ठरवलं. ती घरी येईल त्या दिवशी तिला पाटावर बसवायचं आणि हाच पाव पुढ्यात ठेवायचा. आपल्या हाताने केलेला. पोटभर. हट्ट डोक्यात शिरला की शिरला.

सोनियाला त्याने आईच्या चोरून फोन केला. ती आधी हसली, आणि मग तिने मोबाईलवर सगळं सावकाश बोलून पाठवलं. मानसिंगने ते इतक्यांदा ऐकलं की शेजारच्या घरालासुद्धा पाठ झालं असेल. केळी काळी पडलेलीच घ्यायची. मैदा, अंडी, लोणी, साखर, खायचा सोडा. दालचिनी खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायची. वाण्याने दालचिनीची पुडी बांधताना विचारलं, "बिर्यानी का डायव्हरसायब?" मानसिंगने त्याच्याकडे असं बघितलं की तो हिशेबाला लागला.

पहिला पाव कुकरमध्ये केला. तळ करपला आणि वरचा भाग कच्चा राहिला. भुग्याचं तर विचारूच नका. सोनियाने सांगितलं होतं, गार लोणी मैद्यात आणि साखरेत बोटांच्या टोकांनी नुसतं चुरायचं, शेंगदाण्याचं कूट दिसतं तसं झालं की थांबायचं. ह्याला थांबणं कुठलं माहीत. ह्याने मळमळ मळून भाकरीच्या पिठासारखा गोळा केला. तो गोळा परसात टाकला तर कुत्र्याने वास घेतला आणि निघून गेलं. दुसऱ्या खेपेला मात्र भुगा जमला. हात गार पाण्यात बुडवून, पुसून, हलक्या बोटांनी त्याने चुरला तेव्हा स्वतःलाच खरं वाटेना. आता राहिला भाजायचा प्रश्न. कुकरवर त्याचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा त्याला गोरखची भट्टी आठवली.

भोरात दिवाळीआधी घरोघरच्या बायका तूप, साखर, मैदा घरचंच घेऊन नानकटाईचं पीठ मळतात आणि भाजायला गोरखच्या भट्टीवर नेतात. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पार वळणापर्यंत रांग बसते. पत्र्याचे ट्रे बेकरीचे, सगळे एकसारखे, म्हणून जी ती आपल्या नानकटाईवर खूण करते. कुणाचा अंगठा, कुणाची चारोळी, कुणाची काडीने टोचलेली तीन टिंबं. घराला एक खूण, वर्षानुवर्षं तीच. ट्रे बाहेर निघाला की गोरख खूण पुकारतो आणि जिची ती ओ देते. ह्या रांगेचा कारभार भोंगवलीहून भोरात नांदायला आलेली चंद्राबाई बघते. कुणी नेमलेलं नाही, पण तिला विचारल्याशिवाय त्या रांगेत पानसुद्धा हलत नाही.

सुलक्षणाचं माहेरही भोंगवलीच. म्हणजे गावच्या नात्याने मानसिंग चंद्राबाईचा दाजी लागत होता. पण ती त्याला दाजी म्हणत नव्हती. फार वर्षांमागे तिचं बाजाराचं ओझं डोक्यावर असताना ह्याने थांब्याच्या थोडं अलीकडे गाडी थांबवली नव्हती, आणि त्या दिवसापासून तो तिच्या लेखी फक्त डायव्हरसाहेब होता.

"या या, डायवरसायेब," तिने त्याला बघताच म्हटलं. "रांग चुकली जनू. तिकिटाची खिडकी तिकडं हाय."

सगळ्या बायका पदराआड हसल्या. मानसिंग सरळ गोरखपाशी गेला आणि डबा पुढे केला. गोरखने झाकण काढून बघितलं, वास घेतला, मान डोलावली आणि मग डोकं खाजवलं.

"नानकटाई झटक्यात निघती," तो म्हणाला. "ह्याला तासभर तरी पायजे. आनि मधी दार उघडलं तर फुगल्यालं बसंल खाली. रांग उरकू द्या, मग शेवटी लावतो."

"शेवटी म्हंजी कवा?"

"दिवस कलल्यावर."

मानसिंगने मनातल्या मनात हिशेब केला. सुलक्षणा दुपारच्या गाडीने यायची होती. ती घरी येणार, कुलूप बघणार, शेजारून किल्ली घेणार, आणि सवयीने स्वतःच चहा टाकणार. म्हणजे पुन्हा तेच. त्याने हळूच म्हटलं, "आज घरची मंडळी येनार हाय. तिच्यासाठी हाय ह्ये. जरा आधी लागलं तर..."

"एका डब्यासाठी समदी रांग थांबवायची?" चंद्राबाईने बसल्या जागेवरून विचारलं. "आसं कसं चालंल? नियम म्हंजी नियम."

वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर फेकलेलं वाक्य परत आलं, तेही व्याजासकट. मानसिंग मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढची फुलाबाई सरकली आणि तिने त्याला पायरीवर जागा दिली. ही थोराड, गोड स्वभावाची बाई दरवर्षी सुलक्षणाच्या शेजारी बसायची. तिने डब्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "खून कुठाय?"

"ह्येला कशाला खून? हितं दुसरा केळ्याचा पाव कुनी आनलाय?"

"खुनेबिगर भट्टीत काय जात न्हाई," पुढून चंद्राबाईचा आवाज आला. बाईचे कान फार तिखट. आता ती उठून जवळच आली. "घराची खून हाय की तुमच्या. सुलक्षणा दर साली करती. तीच करा."

मानसिंग डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

"करा की. आमी कुठं न्हाई म्हनतोय."

त्याचं बोट काही डब्याकडे जाईना. चंद्राबाईच्या ध्यानात आलं, आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बया. ह्यांना ठावंच न्हाई. जलमभर बायकोच्या हातच्या नानकटाया हाणल्या, आनि घरची खून ठावी न्हाई."

रांगेला हसायला काय, निमित्तच पाहिजे होतं. पार पुढे भट्टीपर्यंत बातमी गेली आणि तिथूनही हसू आलं. मानसिंगचे कान तापले. आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. पण नानकटाई म्हटली की त्याला आठवायची ती गुंजवण्याची मुक्कामी गाडी. लाईट गेलेली, आजूबाजूला भाताची खाचरं, गाडीतच अंथरूण. थर्मासमधला चहा अंदाजाने ओतायचा, डब्यातली नानकटाई चाचपून काढायची, चहात बुडवायची आणि तोंडात टाकायची. चव आठवत होती. वेलदोडा आठवत होता. वर काय होतं ते बघितलं कुणी? अंधारात खाल्ल्या सगळ्या. आणि उजेडात असत्या तरी बघितल्या असत्या का, ह्याचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"सांगा तुमीच, कुठली खून," तो शेवटी म्हणाला.

"आमी न्हाई सांगनार. तुमच्या घरची, तुमी करा. आनि दुसरीची केली तर डबा तिच्या घरी जाईल, सांगून ठेवते."

मानसिंगला राग आला. हा राग चंद्राबाईचा कमी आणि स्वतःचा जास्त होता. मग त्याने काय केलं, तर जी एक आकृती हातात मुरलेली होती तीच काढली. डब्याच्या मधोमध, त्या जपून चुरलेल्या जाड भुग्यात बोट दाबून एक गोल फिरवला. गोलाच्या आत तीन आऱ्या ओढल्या. मधोमध अंगठा दाबला, हॉर्नच्या जागी. स्टेरिंगचं चाक. नीट गोल आलं नाही, वरंधा घाटाच्या वळणावर कललेलं असावं तसं एका अंगाला झुकलं. भुगा दबला, चांगला जमलेला भुगा आपल्याच हाताने बसवला, म्हणून त्याला वाईटही वाटलं.

"ही घ्या खून," तो म्हणाला. "दुसरं कायबी मला काढता येत न्हाई."

कुणी हसलं नाही. फुलाबाई डब्याकडे बघत राहिली. चंद्राबाईने कमरेवरचे हात खाली घेतले.

"म्हंजी ठावं हुतं की," फुलाबाई हळू म्हणाली. "उगंच येड पांघरून पेडगावला निघाला हुता व्हय?"

"काय ठावं हुतं?"

"अवो, सुलक्षणाची खून हीच की. बाटलीच्या टोपनानं गोल दाबती, सुरीनं तीन रेघा, मधी बोट. लगीन झाल्यावरच्या पयल्या दिवाळीपासनं. तवा आमी इचारलं हुतं, ह्ये काय गं? तर लाजली, आनि म्हनली, आमच्या मानसाचं स्टेरिंग."

मानसिंग पायरीवर बसला. डबा मांडीवर ठेवला. डोळे भरून आले, तर ते त्याने पुसलेही नाहीत. दरवर्षी त्याचं चाक डब्यात भरून देत होती ती. बोलली नाही कधी. आणि हा अंधारात बुडवून खात होता. वाईट तर वाटलंच, पण खोटं का सांगा, त्याहून जास्त आनंद झाला. म्हातारपणी कुणी अचानक सांगावं की तुझं लग्न फार चांगलं झालं होतं बरं का, असं त्याला वाटलं.

चंद्राबाईने वाकून खूण एकदा नीट बघितली. मग पुढे तोंड करून हाक दिली. "ए गोरख, आधी ह्यो डबा लाव."

"आनि रांग?"

"रांग थांबंल. एक तासानं कुनाची दिवाळी पळून चालली न्हाई. गाडी थांबवता येती, ह्ये जरा बघू दे दाजींना."

दाजी म्हणाली. मानसिंगने मान वर करून बघितलं, तोवर ती पाठ फिरवून पुढच्या बायकांना सरकवायला लागलीही होती. एकदोघी कुरकुरल्या, पण चंद्राबाईपुढे कुरकूर कितीशी टिकणार? गोरखने लाकडं मागे सारली, लांब फावड्यावर डबा ठेवला आणि भट्टीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवून दार लावलं. मग बायका गप्पांना बसल्या. कुणी पानाची चंची सोडली, कुणी सुनेचं गाऱ्हाणं काढलं. मानसिंगला त्यांनी पिठाच्या कृतीवरून पार भंडावून सोडलं. दालचिनी किती? केळी कुसकरली का किसली? त्याने सगळं सांगितलं, आणि भुगा कसा चुरायचा ते हवेत बोटं हलवून दाखवलं. फुलाबाईने तसंच हलवून बघितलं. "जास्त मळायचं न्हाई," तो तिला म्हणाला. "कूट दिसलं की थांबायचं."

हळूहळू वास सुटला. आधी केळ्याचा, गोड आणि जड. मग लोण्याचा. आणि मग दालचिनीचा, तो गल्लीतून स्टँडपर्यंत गेला असावा, कारण दोन कंडक्टर उगाच फेरी मारून गेले. बायकांच्या गप्पा बारीक झाल्या. मानसिंग उठून भट्टीसमोर उभा राहिला. लायसनच्या परीक्षेला त्याची छाती एवढी धडधडली नव्हती.

गोरखने दार उघडलं, काडी टोचून बघितली, कोरडी निघाली. फावडं आत घालून त्याने डबा बाहेर ओढला आणि सवयीने पुकारलं, "चाकाची खून कुनाची?"

"माझी," मानसिंग म्हणाला.

"माझी," मागून कुणीतरी त्याच वेळी म्हणालं.

सगळ्यांनी वळून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी सुलक्षणा उभी होती. खांद्याला पिशवी, हातात बोचकं, केस वाऱ्याने विस्कटलेले. गाडीतून उतरली होती, नेहमीची रांग दिसली म्हणून मैत्रिणींना एक शब्द बोलून जावं असा तिचा विचार होता. खूण पुकारली गेली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून ओ निघाली. आपण यंदा पीठच मळलं नाही, हे तिच्या ध्यानात नंतर आलं. आणि मग तिला भट्टीसमोर आपला नवरा दिसला. बायकांच्या मधोमध, शर्टाला मैदा, मिशीला साखर.

"तुमी हितं काय करताय?"

मानसिंगने घरी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पाटावर बसवून बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं विसरलं. "बस," तो म्हणाला. "बोचकं ठेव आनि बस."

ती बसली. फुलाबाईने तिला पायरीवर आपल्या शेजारी ओढून घेतलं. गोरखने डबा तिच्यासमोर फळीवर ठेवला. भुगा सगळीकडून फुगून, तडकून, सोनेरी तपकिरी झाला होता, दोन बोटं जाड. फक्त जिथे मानसिंगने बोट ओढलं होतं तिथे तो खाली बसून, साखर आणि लोणी वितळून, गडद आणि कुरकुरीत झाला होता. त्यामुळे चाक लांबूनसुद्धा दिसत होतं. एका अंगाला झुकलेलं, पण चाकच.

सुलक्षणा ते बघत राहिली. मग तिने मानसिंगकडे बघितलं. "तुमाला कसं ठावं?"

सगळी रांग ऐकत होती. हो म्हणाला असता तर चाललं असतं, फुलाबाईने तर तशी वाटही करून दिली होती. पण मानसिंगला खोटं बोलवेना.

"ठावं न्हवतं," तो म्हणाला. "आत्ता कळलं. मला त्येवढंच काढता येत हुतं."

सुलक्षणाने पदराने डोळे टिपले, हसली, परत टिपले. "येडाच हाय ह्यो मानूस," ती फुलाबाईला म्हणाली, आणि ते ऐकून मानसिंगला एवढं बरं वाटलं, की रिटायर झाल्यावर आगाराने शाल-श्रीफळ दिलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

गोरखने कडेचा एक जाड तुकडा कापून दिला. अजून वाफ निघत होती. सुलक्षणाने फुंकर घातली आणि घास घेतला. भुग्याचे कण तिच्या साडीवर सांडले, ते तिने बोटाने टिपून तोंडात टाकले. सावकाश खाल्लं सगळं. मानसिंग समोर उभा. चांगला झालाय का, हे विचारायचं त्याच्या ओठांवर होतं, पण धीर होईना. तिने शेवटचा घास संपवला, हात झटकले, आणि कुणालाही न विचारता सुरी उचलून स्वतःच दुसरा तुकडा कापला. पहिल्यापेक्षा मोठा.

बस, मानसिंगला एवढंच पाहिजे होतं. तो शेजारच्या पायरीवर टेकला आणि पाय लांब केले. चंद्राबाईने पुढचा ट्रे आत द्यायला सांगितलं आणि रांग पुन्हा चालू झाली. जाता येता एकेकीने एकेक तुकडा उचलला. फुलाबाईने दोन घेतले आणि एक घरच्यांसाठी म्हणून पदराला बांधला. बघता बघता चारी कडा संपल्या आणि डब्यात मधला तेवढा भाग उरला, चाकाचा.

सुलक्षणाने तो अलगद सोडवला आणि तळहातावर घेऊन नवऱ्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला, तसा तिने आपला थोडा मागे घेतला.

"आधी बघा," ती म्हणाली. "मग खावा."

मानसिंगने चष्मा नाकावर नीट केला, आणि दुपारच्या लख्ख उजेडात, काही घाई न करता, बघितलं.